गोगलगाय आणि ओळ तीनशे चाळीस

खट्. टेपचं बटण आपसूक वर आलं, आणि दुपारच्या गपगार घरात तो आवाज कुणी अक्रोड फोडावा तसा वाजला. खारूच्या आईने श्वास रोखून कान आतल्या खोलीकडे लावले. पलंग जरासा कुरकुरला, पांघरूण सरकल्यासारखं झालं, आणि मग पुन्हा तो लहानसा, एका लयीतला श्वास सुरू झाला. झोपली. म्हणजे अजून पन्नास मिनिटं तरी हातात होती.

तिने टीव्हीकडे पाहिलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात छोटा पांढरा चौकोन लुकलुकत होता, टेप लावायच्या आधी लुकलुकत होता तस्साच. कॅसेट पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजून संपली होती आणि कॉम्प्युटरला त्यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. सोमवारपासूनची ही तिसरी खेप.

हा कॉम्प्युटर म्हणजे आत्ताच्यासारखा नव्हे. पस्तीस वर्षांचं वय, आणि सगळा जीव त्या जाडजूड कीबोर्डमध्ये. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही जोडायचा. आत काही साठवायची सोय नाही, वीज गेली की पाटी कोरी. जे लिहिलं असेल ते गाण्याच्या साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात भरून ठेवायचं आणि पुन्हा हवं तेव्हा टेप लावून कॉम्प्युटरला ऐकवायचं. माणसाला ती नुसती चिरचिर वाटते. कॉम्प्युटर मात्र त्यातून अक्षरं वेचून घेतो. निदान घ्यायला हवीत.

जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचा हा नाद तिला लग्नाआधीपासूनचा. सकाळी नऊ ते एक ती कानाच्या मशिनांच्या दुकानात दुरुस्तीला बसे. नखाएवढ्या मशिनांतला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी लेक झोपली की जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरायची, तारांना डाग देण्याची बंदूक तापत ठेवायची आणि कुणाच्या तरी अडगळीतून आलेलं एखादं मशीन उघडायचं. पलंगाखाली चार मशिनं होती, कपाटावर दोन. "आमच्याकडे पाहुणा झोपला तरी त्याच्या खाली चार पेशंट दाखल असतात," असं नवरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा आणि तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. लेकीचं नाव खारू पडलं तेही या पेशंटांमुळेच. एकदा तिने आठ स्क्रू दोन्ही गालांत भरून ठेवले होते.

पण हे मशीन बाकीच्यांसारखं नव्हतं. हे सासूबाईंच्या घरून आलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंकडे कपाटाचा वरचा कप्पा आवरताना उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं ते हाती लागलं. सोबत टेप आणि एक कॅसेट. कॅसेटवर नाव नव्हतं, पेन्सिलीने काढलेलं एक वेटोळं तेवढं होतं. सासूबाईंनी फडक्याने धूळ पुसली, वेटोळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यात माझी गोगलगाय होती." आणि लगेच, पडदे धुवायला आज टाकायचे की उद्या, ते विचारलं.

शिडीवर उभा असलेला नवरा चकित होऊन खाली बघायला लागला. मशीन बाबांचं, एवढंच त्याला माहीत होतं. मग सासूबाईंकडून थोडं थोडं काढून घ्यावं लागलं. बाबांनी मोठ्या हौसेने आणलं आणि आठ दिवसांत कंटाळले. मुलगा लहान म्हणून सासूबाई तेव्हा टेलिफोन खात्यातून दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर. तो दुपारी झोपला की मशिनासोबतचं जाड पुस्तक उघडून बसायच्या. त्यातून एक गोगलगाय उभी केली. मूल मोजायला शिकलं की त्याने बेरीज करायची, उत्तर बरोबर आलं की गोगलगाय एक पाऊल पुढे.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, रुजू झाले परत," सासूबाई म्हणाल्या आणि पडदे उचलून गेल्या.

सासूबाई स्वतःबद्दल बोलतच नसत. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फोन दुसऱ्यांना जोडून दिले होते, मधल्यामध्ये आपलं काही बोलायची सवयच राहिली नसावी. म्हणून ते एक वाक्य सुनेच्या मनात घर करून बसलं. येत्या रविवारी सासूबाई आठ दिवस राहायला येणार होत्या. तोवर ती गोगलगाय चालवून दाखवायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. मशीन दुरुस्त करून ठेवते एवढंच त्यांना सांगितलं होतं, बाकी चकार शब्द नाही.

कॉम्प्युटर तर कधीच बरा झाला. फुगलेले कपॅसिटर बदलले, कीबोर्डखालचा तडकलेला पातळ पापुद्रा नवा घातला. टेपचा रबरी पट्टा विरघळून डिंकासारखा झाला होता, तोही बदलला. मग कुठलाही जाणता कारागीर करतो तेच केलं. टेपचं हेड, म्हणजे कॅसेटच्या फितीला टेकून आवाज उचलणारा तो लहानसा चकचकीत ठोकळा, जरा कललेला दिसत होता. तिने हेड जुळवायची मापाची कॅसेट लावली आणि हेडच्या बाजूचा स्क्रू फिरवून ते अगदी काटकोनात आणलं. काम इतकं सुबक झालं की तिने त्याचा फोटो काढून ठेवला.

आणि तरीही गोगलगाय येईना.

आता मोठी भीती वेगळीच होती. वाजवल्यावर कापसाच्या काडीने हेड पुसलं की काडीवर तपकिरी भुकटी येत होती. ती भुकटी म्हणजेच गोगलगाय. कॅसेट जेवढी वाजवावी तेवढी ती पुसली जाणार. तिने अंदाज बांधला, अजून दोन वेळा. फार तर तीन.

संध्याकाळी खारूला सायकलच्या पुढच्या सीटवर बसवून ती याच नादातल्या पेटीवाल्या काकांकडे गेली. काका जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले होते, आणि आता दोन खोल्यांत सव्वीस जुने कॉम्प्युटर आणि एक बायको अशा संसारात सुखी होते. बसायला खुर्ची एकच रिकामी होती, त्यामुळे काकू कायम उभ्या दिसायच्या. काकांनी आधी तिचा टेप उघडून पाहिला आणि हेडची तोंड भरून तारीफ केली. मग कॅसेट आपल्या सगळ्यात चांगल्या टेपवर लावली, डोळे मिटून ऐकली, आणि शेवटी डॉक्टर नातेवाइकांसमोर करतात तसा चेहरा केला.

मेली ही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आवाज बसलाय, अक्षरं उरलेली नाहीत, अशा पंचवीस कॅसेट त्यांनी स्वतः पुरल्यात. मग तिचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी एक उपायही सुचवला. तिच्या लॅपटॉपमध्ये इम्युलेटर होताच. इम्युलेटर म्हणजे जुन्या मशिनाचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम, तिचा नवरा त्याला नकल्या म्हणायचा. जुन्या मशिनावर जे चालतं ते नकल्यावर चालतं.

"तूच एक गोगलगाय लिही, नकल्यात चालव आणि दे दाखवून," काका म्हणाले. "म्हातारीला काय कळतंय."

काकूंनी उभ्या उभ्याच त्यांच्याकडे असं पाहिलं की काका घाईघाईने कॅसेट डबीत घालायला लागले.

पण गुरुवारी दुपारी, खारू झोपल्यावर, तिने खरोखरच लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात गोगलगाय तयार. गोल गरगरीत शंख, दोन शिंगं, बेरीज बरोबर आली की सुळकन पुढे. तिने ती चार-पाच वेळा चालवून पाहिली. छानच होती. तीच तर पंचाईत होती, गोगलगाय पळत होती. सासूबाई ती बघतील, "छान झाली" म्हणतील, कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून आणखी दोनदा म्हणतील, आणि पुन्हा कधी त्या कॅसेटचा विषय काढणार नाहीत. तिने ते सगळं पुसून टाकलं आणि उरलेला वेळ खारूच्या फ्रॉकचं बटण शिवलं.

शुक्रवारी सासूबाईंचाच फोन आला. खारूसाठी विणलेला स्वेटर मोठा झालाय, तरी आणू का, असं विचारत होत्या. ती आणा म्हणाली. मग न राहवून, सहज विचारावं तसं विचारलं, की आई, तुम्ही गोगलगायच का घेतली होती, पाखरू का नाही.

सासूबाई पलीकडे हसल्या. "अगं, ते मशीन किती मंद. पाखरू केलं असतं तर अडखळत उडालं असतं. गोगलगाय अडखळली तरी कुणाच्या लक्षात येतंय?"

हे ऐकून तिला त्या बाईंना तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. तिने खरं काय ते सांगून टाकलं. कॅसेट लागत नाही, काका म्हणतात मेली, मी टेप चांगला दुरुस्त केला तरीही.

राहू दे गं, सासूबाई म्हणाल्या, तू किती ते करणार, लेकीकडे बघ. त्यांच्या आवाजात कुठेही दुखावल्याची खूण नव्हती, आणि त्यामुळेच तिला जास्त वाईट वाटलं. मग जाता जाता, फोन ठेवायच्या आधी, आठवलं म्हणून त्या म्हणाल्या, "आणि त्या टेपला तरी काय बोल लावायचा. तुझ्या नवऱ्याने स्टुलाला धरून उभं राहताना वायर ओढली नि आपटला की तो. तेव्हापासून आमच्या गाण्याच्या कॅसेटी त्यावर नाकात बोलायच्या. माझी मात्र नीट लागायची. तिला सवय होती त्याची."

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ ओट्याशी तशीच उभी राहिली. गाणी नाकात बोलायची. त्यांची मात्र नीट लागायची.

दुकानात रोज एखादं गिऱ्हाईक हेच सांगायचं, सगळे भांड्यात तोंड घालून बोलतायत असं वाटतं. म्हणजे वरचे बारीक सूर गेलेले. त्या कॅसेटचा आवाजही असाच भांड्यातला होता, आणि ती आठवडाभर समजत होती की तो वयाने बसलाय. टेप आपटला, हेड कललं. सासूबाईंनी आपली गोगलगाय त्या कललेल्या हेडने भरली, कललेल्याच हेडने वाचली. आणि सुनेने काय केलं, तर ते सरळ केलं. काटकोनात. फोटो काढून. चांगल्या कारागिराखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. काकांचा सगळ्यात चांगला टेप तर आणखी सरळ होता.

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात बरंचसं हायसं वाटणं होतं.

शनिवारी खारू अंमळ उशिराच झोपली. तिने टेपचं झाकण काढून ठेवलं, कानाला हेडफोन लावला, आवाजाची वायर लॅपटॉपमध्ये घातली, म्हणजे एकदा नीट वाजलं की कायमचं उतरून घेता येईल. कॅसेटच्या सुरुवातीला एक लांब शिट्टी असते, आत शिरण्याआधी दार वाजवावं तशी. त्या शिट्टीपुरतं तिने टेप सुरू केला आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू केसभर फिरवला. शिट्टी आणखी दबली. उलट बाजूला. भांडं जरा दूर गेलं. अजून जरासं. तिने डोळे मिटले. अजून. आणि एका जागी, आधी दिसलं होतं तेवढंच हेड तिरकं झालं तेव्हा, शिट्टीवरचं सगळं मळभ निघून गेलं आणि ती लख्ख, धारदार, काचेवर नाणं वाजवावं तशी कानात शिरली.

तिने कॅसेट मागे नेली, कॉम्प्युटर सुरू केला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

अर्ध्यावर दारात खारू उभी. केस विस्कटलेले, एका गालावर उशीची घडी उमटलेली. आजवर अशा वेळी आई हातातलं टाकून उठायची. आज आईने नुसतं ओठावर बोट ठेवलं आणि दुसरा हात पुढे केला. खारू चवड्यांवर चालत आली, मांडीवर चढली आणि टेबलाला धक्का लागू नये म्हणून आपले दोन्ही हात आपल्याच बगलेत घालून बसली. दोघींनी मिळून चार मिनिटं श्वाससुद्धा जपून घेतला.

खट्. बटण वर आलं. पडद्यावर ओळी उमटल्या.

तेव्हाच्या भाषेत प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. काही ओळी मात्र कॉम्प्युटरसाठी नसत. लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली ती टिपणं, कॉम्प्युटर त्या वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. सासूबाईंनी तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. ओळ दहा: गोगलगाय, बाळासाठी. ओळ नव्वद: आज त्याला सर्दी, लवकर उठेल, भराभर लिहिते. ओळ दोनशे दहा: शिंगं जमली, कुणाला दाखवू? ओळ दोनशे साठ: बाळ आज चार पावलं चाललं, गोगलगायीच्या पुढे गेलं.

आणि सगळ्यात शेवटी, ओळ तीनशे चाळीस: इथे कोबीचं पान काढायचं. बाळ उठलं.

त्यापुढे काही नव्हतं.

मांडीवरच्या खारूने वर पाहिलं आणि आईचे डोळे पुसले. तिला वाटलं डोळ्यात काहीतरी गेलंय.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या, पिशव्या ठेवल्या, हातपाय धुतले. सुनेने त्यांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचायला लागल्या. वाचताना ओठ हलत होते. दोनशे दहापाशी त्या थांबल्या आणि सुनेचं मनगट धरलं. मागे उभा असलेला नवरा शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि कान खाजवत म्हणाला, "म्हणजे मीच नडलो म्हणायचं."

"तू उठलास तो उठलासच," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुस्तक लागेल का, असं सुनेने विचारलं तर नको म्हणाल्या. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करू लागल्या. पहिलं पान पडद्याच्या बाहेर गेलं, दुसरं कोबीपेक्षा चपलेसारखं दिसत होतं, असं खारूने तोंडावर सांगितलं. तिसरं जमलं. हिरव्या ठिपक्यांचं, कडेला दातेरी. अख्खी सकाळ गेली, कुणाला भूक लागल्याचं आठवलं नाही. शेवटी त्यांनी तीनशे चाळीसला हातही न लावता तिच्याखाली एक ओळ घातली. ओळ तीनशे एक्केचाळीस: बाळाला टक्कल पडायला लागलं. पान काढलं.

नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवला. खारूला दोन अधिक तीन विचारलं गेलं. तिने बोटं मोजून पाचाची कळ दाबली. गोगलगायीने शिंगं हलवली, जरा अडखळली आणि एक पाऊल पुढे सरकली. सहा बेरजांनी ती पानाशी पोचली. सासूबाई हात मांडीत धरून बसल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं कौतुक बघावं तशा.

"आता भरून ठेव," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि त्याचं हेड सरळ नको करूस परत."

"वाकडंच ठेवलंय, आई."

सुनेने नवी कोरी कॅसेट घातली, त्याच तिरक्या हेडने सगळं भरून घेतलं, आणि वर पेन्सिलीने वेटोळं काढलं. मग लॅपटॉपही उघडला. सासूबाईंना परत जाताना गोगलगाय सोबत नेता यावी म्हणून नकल्यातही ती चालते का ते बघायचं होतं. चालली. तीच शिंगं, तेच अडखळणं, तेच दातेरी पान. टेबलावर आता दोन गोगलगायी होत्या, एक टीव्हीत, एक लॅपटॉपमध्ये. एक पानाशी पोचलेली, दुसरी अजून निघायची. सासूबाई दोन्हींकडे आळीपाळीने बघत हसत होत्या. खारू हनुवटी टेबलावर टेकवून कितीतरी वेळ एकीकडून दुसरीकडे डोळे फिरवत राहिली.

"आई," ती म्हणाली, "त्या गोगलगायीला माहितीये का, ही पण आहे म्हणून?"